'अंमली' या शब्दाचा अंमल

मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत गेल्या चाळीस वर्षांत काही शब्द असे रुजले आहेत की ते वापरले म्हणजे विचार करण्याची गरजच उरत नाही. 'अंमली पदार्थ' हा त्यांपैकी एक. ब्राऊन शुगर अंमली, चरस अंमली, गांजा अंमली, मेफेड्रोन (बोलीतले 'एमडी') अंमली, खोकल्याच्या औषधाच्या चोरट्या बाटल्या अंमली. आणि परळच्या इस्पितळात कर्करोगाच्या रुग्णाला दर चार तासांनी मिळणारी मॉर्फिनची गोळी, तीही अंमलीच. 'अंमल' हा शब्द मुळात अरबी. आपल्याकडे तो कारभाराचा, सत्तेचा अर्थ घेऊन आला. अंमलदार आणि अंमलबजावणी हे त्याचेच गोतावळे. नशेचा अंमल चढतो असे आपण म्हणतो, तेव्हा माणसावर पदार्थाची सत्ता चालू लागली एवढेच सांगायचे असते. आमचे म्हणणे असे की मुंबईत, आणि मुंबईच्या वाटेने साऱ्या महाराष्ट्रात, या पदार्थांपेक्षा या शब्दाचाच अंमल अधिक कडक आहे, आणि त्याची किंमत ज्यांनी आयुष्यात चिलमीला हात लावला नाही अशी माणसे मोजत आहेत.

साहित्यविषयक पानावर हा विषय कशाला, असे कोणी विचारील. शब्द सैल वापरल्याने काय होते, हे पाहणे हा साहित्याच्या अभ्यासकांचा उद्योग आहे असे आम्ही समजतो. एरवी ते कवितेत पाहतो, येथे कायद्यात आणि बातमीत पाहू.

प्रथम कायदा. १९८५ साली संसदेने गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनःप्रभावी पदार्थांविषयीचा अधिनियम केला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यास सगळे 'एनडीपीएस' म्हणतात. त्याआधी अफूविषयीचे जुने ब्रिटिश कायदे आणि १९३० चा घातक औषधांचा कायदा चालू होता. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केली होती आणि त्या कराराने दिलेली पंचवीस वर्षांची सवलत संपत आली होती, ही नव्या कायद्याची पार्श्वभूमी. ज्या कराराच्या नावाने सगळी कडकाई झाली, त्याच्या प्रास्ताविकात मात्र वेदनाशमनासाठी या औषधांचा उपयोग अपरिहार्य असून त्यांची उपलब्धता राखली पाहिजे, असे स्पष्ट म्हटलेले आहे. आपण करारातली धाक घालणारी अर्धी बाजू तेवढी घरी आणली.

कायदा वाचण्याचा कंटाळा न केल्यास त्यात एक गंमतही सापडते. कॅनाबिसची व्याख्या करताना तो वनस्पतिशास्त्रज्ञाच्या बारकाईने बोलतो. झाडाचा राळ म्हणजे चरस; फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा; शेंड्यांवाचूनची पाने आणि बी या व्याख्येबाहेर. म्हणून भांग या केंद्रीय कायद्याच्या कचाट्यात येत नाही. वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाला कलम ८ मध्ये पहिल्यापासून वाट ठेवलेली आहे, आणि कॅनाबिसच्या लागवडीचे नियमन करण्याचा अधिकार कलम १० ने राज्यांना दिलेला आहे. म्हणजे कायद्याला फरक कळतो. तो फरक पोलीस ठाण्यात, औषधाच्या दुकानात आणि संपादकाच्या मेजावर पोचेपर्यंत नाहीसा होतो.

आता मॉर्फिनकडे येऊ, कारण खरी शरमेची गोष्ट तेथे आहे.

मॉर्फिन अफूपासून निघते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. अफूचा चीक कायदेशीर मार्गाने परदेशी पाठवणारा देश म्हणून आपले नाव जगभर घेतले जाते. जगाच्या वेदनेवरचे औषध आपल्या मातीतून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या १९७७ च्या पहिल्या यादीपासून मॉर्फिन आहे, आणि कर्करोगाच्या वेदनेसाठी त्या संघटनेने १९८६ साली जी पायऱ्यांची पद्धत सांगितली तिच्या वरच्या पायरीवर तेच आहे. साध्या गोळीची किंमत काही रुपये. आणि त्याच सुमारास आपल्याकडे काय झाले? १९८५ च्या कायद्यानंतर देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर घसरत घसरत १९९७ साली अवघ्या १८ किलोवर आला. अख्ख्या देशाला, वर्षभराला, १८ किलो! रोग कमी झाला नव्हता आणि रुग्णही कमी झाले नव्हते. कमी झाले होते ते औषध जवळ बाळगण्याचे धैर्य.

हे कसे घडले ते समजून घेतले पाहिजे, कारण यात कोणी एक खलनायक नाही. मूळ कायद्यात किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आणि किमान एक लाखाचा दंड होता. थोडा साठा आणि मोठा साठा यांत आजच्यासारख्या पायऱ्या नव्हत्या, त्या २००१ साली आल्या. नोंदवहीत चूक झाली तर हे आपल्यावर शेकेल, अशी धास्ती औषधविक्रेत्याने घेतली. त्यात नियम करण्याचे काम राज्यांकडे; प्रत्येक राज्याचे नियम निराळे; एका इस्पितळाला अनेक परवाने लागत, आणि एक हाती येईपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असे. दुकानदाराने हिशेब केला: नफा जवळजवळ शून्य, कटकट अपार आणि तुरुंगाची टांगती तलवार. त्याने मॉर्फिन ठेवणे बंद केले. दुकानात नाही म्हणून डॉक्टरांनी लिहिणे बंद केले. डॉक्टर लिहीत नाहीत म्हणून वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणे मागे पडले. पुढे डॉक्टरांच्या पिढ्या अशा तयार झाल्या की मॉर्फिनने श्वास बंद पडतो आणि रुग्ण व्यसनी होतो, एवढी दोनच वाक्ये त्यांना येत. मात्रा हळूहळू वाढवत नेऊन वेदना कशी ताब्यात आणावी, हे तंत्र विसरले गेले.

मुंबईचे स्थान यात विलक्षण आहे. १९४१ साली उघडलेले टाटा स्मारक रुग्णालय येथे, परळला. मरणासन्न कर्करुग्णांसाठीचे 'शांती अवेदना सदन' १९८६ साली येथे, वांद्र्याला. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे रोग बरा होणार नसला तरी क्लेश हरण्याचे वैद्यक, या विषयात एम.डी. करण्याची सोय २०१२ पासून टाटामध्ये आहे. म्हणजे मॉर्फिन ज्या थोड्या ठिकाणी भरवशाने मिळू शकते त्यांत हे शहर मोडते. पण परळच्या पदपथावर आणि दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जी माणसे मुक्काम करतात ती या शहराची नाहीत. ती बिहारची, बंगालची, आणि आपल्या नंदुरबारची, हिंगोलीची, गडचिरोलीची. उपचार थकले की डॉक्टर सांगतात, आता घरी न्या. बरोबर गोळ्यांची पाकिटे मिळतात, ती ठरावीक दिवसांची. त्यानंतर? तालुक्याच्या दुकानात चिठ्ठी दाखवली की दुकानदार ती अशी परत करतो की जणू तिच्यावर खुनाची सुपारी लिहिली आहे. मग घरातल्या कोणीतरी रात्रीची गाडी पकडायची, सकाळी परळला रांगेत उभे राहायचे, आणि तेवढ्यासाठी मजुरी बुडवायची. औषधाची किंमत काही रुपये. ते आणण्याची किंमत शेकड्यांत. उपलब्धता हा शब्द आपण शहराच्या नकाशावर मोजतो, आणि वेदना मात्र त्या रात्रीच्या गाडीने गावाला जाते.

सुधारणा झाल्या नाहीत असे म्हणणे अन्यायाचे होईल. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे जे रेटले त्याला फळ आले. केरळने २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचे धोरण जाहीर केले, महाराष्ट्रानेही २०१२ मध्ये केले. २०१४ साली संसदेने एनडीपीएसमध्ये दुरुस्ती केली, 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधे' असा नवा वर्ग निर्माण केला, आणि २०१५ मध्ये मॉर्फिन, फेंटॅनिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन व हायड्रोकोडोन यांचा त्यात समावेश झाला. परवान्यांचे भेंडोळे जाऊन, राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या संस्थेला ही औषधे ठेवता येऊ लागली; प्रशिक्षित डॉक्टर हवा आणि हिशेब चोख हवा, एवढीच अट. शब्दांच्या अभ्यासकांनी या दुरुस्तीतली एक ओळ आवर्जून पाहावी. सरकारने काय काय करावे हे सांगणाऱ्या कलम ४ मध्ये, गैरवापर आणि चोरटा व्यापार रोखण्याच्या जोडीला, या द्रव्यांचा वैद्यकीय व शास्त्रीय उपयोग होईल असे पाहणे, हे शब्द तेव्हा प्रथम घातले गेले. त्यापूर्वी एकोणतीस वर्षे वैद्यकीय उपयोग हा या कायद्यात अपवाद म्हणून नांदला. कर्तव्य म्हणून त्याची नोंद नव्हती. अपवादाला कोणी अंदाजपत्रकात तरतूद करीत नाही.

आणि एवढे होऊनही २०१७ साली 'लॅन्सेट'च्या आयोगाने जगाचा हिशेब मांडला तेव्हा भारतातील गरजेच्या केवळ चार टक्के वेदनाशमन भारतीयांच्या वाट्याला येते, असे आढळले. कायदा बदलला, पण शब्द बदलला नाही.

आता गांजाचे प्रकरण. येथे आम्हाला दोन्ही बाजूंना थोडे दुखवावे लागणार आहे.

१८३९ साली कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टराने भारतीय भांगगांजाचे औषधी प्रयोग प्रसिद्ध केले आणि पाश्चात्त्य वैद्यकाने ही वनस्पती येथून उचलली. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि सरसकट बंदीऐवजी कर आणि नियंत्रण यांची शिफारस केली. हा अहवाल खंडांवर खंड आहे. त्यातल्या साक्षी समाजाचा दस्तऐवज म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी वाचाव्यात अशा आहेत. असो. आजची स्थिती अशी आहे: भांग आयुर्वेदात 'विजया', औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या ई-१ परिशिष्टात तिची गणना वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावयाच्या विषारी द्रव्यांत. त्या वाटेने पानांच्या अर्काची तेले मुंबईतही वैद्यांच्या चिठ्ठीवर विकली जातात. म्हणजे परळच्या कर्करोगतज्ज्ञाच्या औषधांच्या पेटीत जी वनस्पती नाही, ती दुसऱ्या पाटीच्या दवाखान्यात चिठ्ठीवर मिळते. केमोथेरपीने हैराण झालेला रुग्ण दोन डॉक्टरांमध्ये उभा. एकाला दुसऱ्याने काय दिले ते माहीत नाही, आणि कित्येकदा रुग्णही धास्तीने सांगत नाही. नियमन म्हणतात ते हेच काय?

विजयाच्या बाजूने बोलणाऱ्यांविषयीही दोन शब्द. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला. प्रौढांतील जुनाट वेदना, केमोथेरपीने होणाऱ्या मळमळ-उलट्या, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना जाणवणारी स्नायूंची ताठरता, एवढ्या ठिकाणी कॅनाबिसजन्य औषधांच्या बाजूने भक्कम पुरावा तिला दिसला. २०१८ साली बालपणीच्या दोन दुर्धर अपस्मारांसाठी कॅनाबिडिऑलचे औषध तेथे मान्य झाले. पुराव्याचा पैस साधारण एवढा. त्यापलीकडे जाऊन कर्करोग गांजाने बरा होतो असे सांगणारे, आणि पुरावा मागितला की शंकराचे नाव घेणारे, हे रुग्णांचे मित्र नव्हेत. त्यांच्यामुळे औषधाचा दावा करणारा आणि मौजेचा दावा करणारा एकाच आवाजात बोलतात असे लोकांना वाटते, आणि 'अंमली' या शब्दाची पकड आणखी घट्ट होते.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट या दृष्टीने बोधक आहे. तेथे एड्सने माणसे मरत होती, औषधांनी अन्न पोटात ठरत नव्हते. १९९१ साली शहरातल्या मतदारांनीच वैद्यकीय गांजाच्या बाजूने मोठ्या बहुमताने कौल दिला. १९९६ साली कॅलिफोर्नियाने त्याचा कायदा केला. त्या लढ्याच्या अग्रभागी रुग्ण आणि त्यांचे सोबती होते. पुढे त्याचा बाजार झाला, सैल चिठ्ठ्यांचे दवाखाने निघाले, २०१६ साली तर मौजेचा वापरही तेथे मान्य झाला. ते सारे आम्हाला ठाऊक आहे. आमच्या शहरात रुग्णांच्या तोंडून हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही, एवढेच आम्ही सांगतो आहोत. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात कॅनाबिसला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव २७ विरुद्ध २५ असा निसटत्या मतांनी संमत झाला, आणि भारताचे मत ठरावाच्या बाजूने पडले. व्हिएन्नात आपण हा हात वर केला त्याच वर्षी मुंबईत दूरदर्शन वाहिन्या चित्रपटसृष्टीतल्या चिमूटभर गांजाच्या शोधात रात्रंदिवस ओरडत होत्या. त्या ओरड्यात मताची बातमी किती जणांनी ऐकली?

याच महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली दारू पिण्याचा जो परवाना मिळतो, तो आरोग्य राखण्यासाठी दारू आवश्यक आहे या कारणावर मिळतो. परवाना घेऊन पिणारा प्रत्येक मुंबईकर सरकारदरबारी प्रकृतीने नाजूक आहे! ही लबाडी सर्वांना ठाऊक आहे, सर्वांना मान्य आहे, आणि तिच्यातून तिजोरी भरते. रुग्ण नसलेल्याला रुग्ण ठरवण्याची इतकी उदार कल्पनाशक्ती ज्या व्यवस्थेकडे आहे, तिला खरा रुग्ण मात्र संशयित दिसतो.

आमच्या विरोधात एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. अनिल अवचटांचे 'गर्द' ज्यांनी वाचले आहे, त्यांना मुंबई-पुण्याची ऐंशीच्या दशकातली पोरे कशी होरपळली हे सांगायला नको. 'मुक्तांगण' १९८६ साली उभे राहिले ते त्या होरपळीतून. ती भीती खरी होती आणि आजही आहे. अमेरिकेतला अफूजन्य वेदनाशामकांचा कहरही समोर आहे. पण नीट पाहिले तर गर्दुल्ल्याची ब्राऊन शुगर नीमचच्या कारखान्यातून परवान्याने परळला येणाऱ्या गोळ्यांतून निघत नव्हती. ती चोरवाटेने येत होती, आणि मॉर्फिन १८ किलोवर आले तेव्हा ती वाट बंद झाली नव्हती. अमेरिकेत कंपन्यांनी जाहिरातबाजी करून ज्यांना गरज नाही त्यांच्या गळी औषध उतरवले; तो धडा विक्रीच्या हव्यासाचा आहे, आणि आपण तो जरूर गिरवावा. ज्या देशात गरजेच्या चार टक्के पोचते तेथे तो धडा औषध रोखण्याची सबब म्हणून वापरणे म्हणजे दुष्काळी गावाला महापुराची भीती घालणे होय.

आता आमच्या स्वतःच्या अंगणात. आपल्या वाङ्मयाने नशेकडे पाहण्याची एक सवय लावून ठेवली आहे. गडकऱ्यांचा 'एकच प्याला' १९१९ साली रंगभूमीवर आला. सुधाकर, सिंधू आणि तळीराम यांनी शतकभर मराठी मनाला शिकवले की पहिला घोट म्हणजे उतरणीचे पहिले पाऊल. नाटक थोर आहे, यात वाद नाही. पण त्या साच्यात जो पदार्थ घालावा त्यातून पतनाचीच कथा बाहेर येते. वेदना शमून शांत झोपलेल्या माणसाची कथा त्यात बसत नाही. नातेवाईक मॉर्फिनला नकार देतात तेव्हा औषधशास्त्राशी त्यांचा संबंध नसतो. त्यांच्या डोळ्यांपुढे तळीराम असतो.

दुसरे उदाहरण वर्गातले. धर्म ही 'अफूची गोळी' आहे असे मार्क्स म्हणाला, हे आपण किती सहजतेने सांगतो! १८४४ साली छापलेल्या त्या लेखात अफू आहे, गोळी नाही. गोळी मराठीने घातली, आणि आमचा तर्क असा की तिच्यामागे घरोघरची 'बाळगोळी' असावी. याच परळ-लालबागच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया तान्ह्यांना अफूची गोळी देऊन निजवीत. १९२० च्या दशकातल्या कामगारविषयक चौकश्यांत त्याच्या नोंदी आहेत. त्या आईचा कोणी धिक्कार करावा? तिला दूध पाजायला सुट्टी नव्हती. मार्क्सच्या काळात युरोपात अफू हे घराघरातले दुखण्यावरचे औषध होते, आणि त्याच्या त्या परिच्छेदात पीडितांच्या उसाशाचा उल्लेख अफूच्या अगोदर येतो. आपण उसासा गाळला, गुंगी ठेवली, आणि परीक्षेत ती गुणांसह तपासली. वेदनेविषयीचे वाक्य नशेविषयीचे झाले. नेमके हेच पुढे कायद्याच्या बाबतीत आपण केले.

मागण्या मोठ्या नाहीत. राज्यात कोणत्या जिल्ह्यात कोणत्या संस्थेला मॉर्फिन ठेवण्याची मान्यता आहे, ही यादी अन्न व औषध प्रशासनाने मराठीत लावावी आणि टाटातून घरी निघणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या हाती तिची प्रत असावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात एक प्रशिक्षित डॉक्टर आणि गोळ्यांचा अखंड साठा हवा. विजयाची तेले विकणाऱ्यांनी रुग्णाच्या कर्करोगतज्ज्ञाला कळवणे बंधनकारक व्हावे, आणि त्या औषधांच्या रीतसर चाचण्या या शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत सुरू व्हाव्यात. आणि वृत्तपत्रांतील आमच्या मित्रांनी, ज्यांतले पुष्कळ आमचेच विद्यार्थी आहेत, मॉर्फिनला मॉर्फिन, भांगेला भांग आणि गर्दला गर्द म्हणायला उद्यापासून सुरुवात करावी; त्यास कोणाचा परवाना लागत नाही.